कॉटखालचं तिसरं पिल्लू

पोरी,

काल रात्रीचा तुझा व्हॉइस मेसेज सकाळी ऐकला, निम्मा तर रडण्यातच गेलाय. दत्तक जाईपर्यंत तू सांभाळतीयस त्या मांजराच्या पिल्लांतली दोन मांडीवर यायलीत आणि तिसरं कॉटखाली बसून नुसतं फिस्कारतंय, "ते माझा राग करतंय काकू" म्हणालीस. राग नाही गं तो, भीती हाय. तळहाताएवढा जीव, आवाज सोडला तर त्याच्याकडं दुसरं काय हाय सांग बघू.

पहिलं काम म्हणजे ती कॉटची खोलीच बंद कर. तुमच्याकडं मागची छोटी खोली हाय की, तिथं ठेव त्याला, एक पुठ्ठ्याचा खोका आडवा टाक, आत जुनी चादर. लपायला जागा पाहिजेच, पण तुझा हात पोचेल अशी. मी पहिल्यांदा पिल्लं आणली तेव्हा एकाला कॉटखालनं टॉवेल टाकून ओढून काढलं होतं, लई शहाणपणा केला असं वाटलं, आणि पुढं आठवडाभर मी दारात दिसले की ते कपाटामागं.

त्या दोघांपासनं थोडे दिवस वेगळं ठेव. तुला निष्ठुरपणा वाटेल, पण भावंडं असली की त्याला तुझी गरजच पडत नाही, सगळी ऊब तिकडंच मिळते. मधेच त्या धीट बोक्याला आत घे आणि त्याच्याशी खेळ, हे खोक्यातनं बघत बसू दे.

आता खरं काम म्हणजे काहीच न करणं. दिवसातनं तीन-चार वेळा पंधरा-वीस मिनिटं जमिनीवर बस, पाठ अर्धी त्याच्याकडं, मोबाईल बघ, पुस्तक वाच, डोळ्याला डोळा लावू नकोस, नजर मिळालीच तर हळू डोळे मिटून उघड. खाणं वाटीत ठेवून निघून जायचं नाही, तू बसलीस की वाटी आली, तू उठलीस की वाटी गेली, मात्र दिवसाचं खाणं पुरं झालं पाहिजे, उपाशी ठेवून माया लागत नाही. उकडलेलं चिकन बारीक करून चमच्यावर दे, मीठ कांदा लसूण काही नको. मग चमचा आखूड धरत जा, शेवटी बोटावर. खाताना हनुवटीखाली एक बोट लाव, वरनं डोक्यावर हात आणू नकोस, वरनं येतंय ते घार असतंय त्याच्या हिशोबात. आणि आज्जी दूध-चपाती कुस्करून देतीलच, त्यांना गोडीत सांग, गाईच्या दुधानं जुलाब लागतात.

वयाचं पण बघ. २ ते ७ आठवड्यांत पिल्लू माणसाला लवकर सरावतंय, पुढं पण जमतंय पण वेळ लागतोय. तुझं ७ आठवड्यांचं हाय म्हणजे उशीर झाला नाही, टंगळमंगळ तेवढी नको. रोज किचनच्या काट्यावर वजन कर, उतरलं किंवा खाणं सोडलं तर माझ्या मेसेजची वाट बघत बसू नकोस, सरळ डॉक्टरकडं. चावलं, ओरबाडलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी रेबीजच्या इंजेक्शनचं विचारून यायचं, "पिल्लूच हाय की" म्हणायचं नाही.

ते तुझ्याकडं आलं की मग इतर माणसं. शेजारचा पोरगा त्याच्याशी कन्नडमधनं बोलतोय म्हणून तू हसत होतीस, बोलू दे की, उद्या कुणाच्या घरी जाईल आपल्याला काय माहीत, आपलं "ये ये" पण कळू दे आणि कन्नडमधलं "बा बा" पण. कुकरची शिट्टी, मिक्सर लांबनं ऐकू दे, गणपतीत आपल्याकडं कसा आवाज असतोय तुला माहीतच हाय.

खोक्यातली ती चादर धुवू नकोस, ओळखीचा वास जाईल, तशी पण ह्या पावसात वाळायची नाही. दत्तक जाताना तीच बरोबर दे.

रविवारी मी शहापूरला येणार हाय, चिकनचा डबा आणते. मला लगेच आत नेऊ नकोस, आधी दाराबाहेर बसून तुझ्याशी गप्पा मारते, आवाज ऐकू दे त्याला.

काकू