निवृत्तीच्या पैशातले १० लाख हक्कांच्या कामाला द्यावेत का?

सातारा जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतून ५८व्या वर्षी निवृत्त झालेल्या बाईंचं पत्र आलं आहे. ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी, पेन्शनचं अंशराशीकरण (म्हणजे पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी घेणं) असं सगळं मिळून ४६ लाख रुपये पाच आठवड्यांपूर्वी त्यांच्या खात्यात जमा झाले. पेन्शन महिना ४२ हजार, घरखर्च ३८ हजार. घर स्वतःचं, कर्ज नाही. यजमान ६३ वर्षांचे, खासगी कारखान्यातून निवृत्त, पेन्शन नावापुरती, मधुमेह आहे. मुलगा अमेरिकेत.

४६ लाखांतले १० लाख त्यांना मानवी हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थांना एकदम द्यायचे आहेत. कारण असं की त्यांचा एक जुना विद्यार्थी, फासेपारधी वस्तीवरचा, दरोड्याच्या तयारीत असल्याच्या गुन्ह्यात उचलला गेला आणि १९ महिने आत राहिला. एका संस्थेच्या तरुण वकील मुलीने एक पैसा न घेता त्याची केस चालवली. जामीन मंजूर झाला, पण १५ हजारांचा जामीनदार मिळेना, म्हणून त्या १९ महिन्यांतले शेवटचे तीन नुसते वाट बघण्यात गेले. मग निवृत्तीच्या आदल्या वर्षी बाई स्वतः पगारपत्रक, आधार आणि रेशनकार्ड घेऊन कोर्टात जामीनदार राहिल्या. यजमान म्हणतात, ‘दे, पण एवढे नको.’ मुलगा म्हणतो, ‘माझेही २ लाख त्यात घाल.’ बाई विचारतात: देऊ का, कुणाला देऊ, आणि करात किती सुटतील?

बाई, नमस्कार.

द्या. हे पहिल्यांदा सांगतो, कारण ‘आधी स्वतःचं बघा’ म्हणून मी तुम्हाला गप्प करीन अशी भीती तुमच्या पत्रात दिसते. पण १० लाख एकदम देऊ नका. वचन १० लाखांचंच ठेवा आणि ते असं पाळा: आत्ता २ लाख, पुढची पाच वर्षं दर तिमाहीला १५ हजार म्हणजे एकूण ३ लाख, आणि राहिलेले ५ लाख मृत्युपत्रातून.

सगळ्यात आधी एक घाईचं काम. तुमचं वय ६० च्या आत आहे. अशा निवृत्त माणसाला ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पैसे ठेवता येतात, पण निवृत्तीची रक्कम हातात आल्यापासून ३ महिन्यांच्या आत. त्यातले पाच आठवडे गेले. ही मुदत टळली तर साठी पूर्ण होईपर्यंत थांबावं लागेल. कार्यालयाकडून निवृत्तिलाभांचा दाखला घ्या, पोस्टात जा आणि कमाल मर्यादेइतके, ३० लाख, भरा. आजच्या ८.२ टक्के दराने वर्षाला २ लाख ४६ हजार व्याज येईल, म्हणजे दर तिमाहीला ६१,५००. हा दर पाच वर्षं हलत नाही. घरखर्च पेन्शनमध्ये भागतोय, म्हणून याच व्याजातले १५ हजार दर तिमाहीला संस्थेकडे जाऊ शकतात. मुद्दल तसंच राहील आणि यजमानांना प्रत्येक वेळी समजावत बसावं लागणार नाही.

उरले १६ लाख. त्यातून १० गेले तर हातात ६ राहतात, आणि माझी खरी अडचण तिथे आहे. नोकरीत असताना वैद्यकीय बिलांची प्रतिपूर्ती मिळायची, ती आता बंद झाल्याचं तुम्हीच लिहिलंय. यजमानांना मधुमेह आहे. नवा आरोग्यविमा काढला तरी आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ते ठरावीक रुग्णालयांत आणि ठरावीक उपचारांना. शिवाय तुमच्या माघारी यजमानांना कुटुंब निवृत्तिवेतन मिळेल, पण ते तुमच्या पेन्शनपेक्षा बरंच कमी असेल. म्हणून ६ लाख निव्वळ दवाखान्यासाठी, दोन वेगळ्या बँकांत मुदत ठेवीत. एका बँकेत ठेव आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंतच विमा असतो. गावातली पतसंस्था जास्त व्याज देते म्हणून तिकडे वळू नका. पतसंस्थेच्या ठेवीला तो विमाच नाही. राहिलेल्या १० लाखांतले २ लाख आत्ता द्यायचे आणि ८ लाख लांबच्या पल्ल्यासाठी ठेवायचे. त्यांचं काय करायचं ते पुढच्या पत्रात सविस्तर बोलू, त्याला घाई नाही.

आता कराचं. पुढच्या पूर्ण वर्षात पेन्शन ५ लाख ४ हजार आणि व्याज २ लाख ४६ हजार, मिळून साडेसात लाख. नव्या करप्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट आहे आणि १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच लागत नाही. म्हणजे तुमचा कर शून्य. देणगीची ८०जी ची वजावट नव्या प्रणालीत मिळत नाही, आणि केवळ तिच्यासाठी जुनी प्रणाली घेतलीत तर उलट कर भरावा लागेल. जुन्या प्रणालीतही अशा बहुतेक संस्थांना दिलेली देणगी उत्पन्नाच्या साधारण १० टक्क्यांपर्यंतच धरली जाते, आणि तिच्याही निम्मी रक्कमच वजा होते. १० लाख दिलेत तरी तुमची वजावट ३५ हजारांच्या आसपास अडकली असती. तेव्हा कराचा विचार मनातून काढून टाका. त्याचा एक फायदा असा की ज्या छोट्या संस्थेकडे ८०जी ची नोंदणीच नाही, तिलाही तुम्ही निःशंक देऊ शकता.

तुम्ही लिहिलंय, ‘एवढ्याशा पैशानं काय होणार असं वाटतं, म्हणून एकदम मोठी रक्कम.’ मला याच्या उलट वाटतं, आणि त्याचा पुरावा तुमच्याच शाळेत आहे. तुम्हाला आठवत असेल, पूर्वी ८० टक्के हजेरी लागली की पोराला महिन्याला ३ किलो तांदूळ मिळायचा. पिशवीत घालून घरी न्यायचा. मग शाळेत खिचडी शिजायला लागली. हा बदल झाला त्यामागे एक याचिका आहे. २००१ साली राजस्थानात दुष्काळ होता, सरकारी गोदामं धान्याने भरलेली होती आणि माणसं उपाशी होती. तिथल्या पीयूसीएल, म्हणजे पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. २८ नोव्हेंबर २००१ ला न्यायालयाने आदेश दिला की सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेलं जेवण द्या, रोज किमान ३०० कॅलरी, ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं, वर्षातून किमान २०० दिवस. तुमच्या शाळेतली चूल पेटली त्यामागे हा कागद होता.

आणि ही संघटना कुठल्याही निधी देणाऱ्या संस्थेकडून पैसे घेत नाही, ना देशातल्या ना परदेशातल्या. सभासदांची वर्गणी आणि लोकांच्या देणग्या यांवर चालते. १९७६ साली आणीबाणीत जयप्रकाश नारायण यांनी ती सुरू केली. तिच्या उभारणीत ज्यांचा मोठा वाटा, ते न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे आपल्या सासवडचे. निवडणूक ड्युटीवर तुम्ही २०१३ नंतर ज्या ‘नोटा’च्या बटणाबद्दल मतदारांना सांगत होतात, तेही याच संघटनेच्या याचिकेतून आलं.

अशा कामाला पैसा कुठून येतो, हे कळलं की माझा हप्त्यांचा आग्रह का, ते लक्षात येईल. कंपन्यांचा सामाजिक दायित्वाचा निधी ज्या कामांवर खर्च करायचा त्या कायद्यातल्या यादीत शिक्षण आहे, आरोग्य आहे, पर्यावरण आहे. ‘मानवी हक्क’ असा स्वतंत्र उल्लेख नाही, आणि पोलिसांविरुद्ध कोर्टात उभं राहणाऱ्याला पैसे द्यायला कंपन्या सहसा धजत नाहीत. परदेशी निधीसाठी वेगळी नोंदणी लागते. पूर्वी दिल्ली-मुंबईची मोठी संस्था त्या निधीतला वाटा तालुक्यातल्या छोट्या संस्थेला देऊ शकत असे. २०२० च्या दुरुस्तीने ते बंद झालं. तेव्हा तालुक्याच्या कोर्टात उभ्या राहणाऱ्या तुमच्या त्या वकील मुलीचं मानधन आता तुमच्यासारख्यांच्या पैशातूनच निघणार.

मी एका छोट्या न्यासाचे हिशेब बरीच वर्षं विनामूल्य पाहतो. तिथे मार्चमध्ये देणग्या येतात, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात खात्यात वकिलांचं मानधन द्यायला पैसे नसतात. केस मात्र ऑगस्टमध्येही चालू असते. तारीख लागते, तुरुंगातून आणायला पोलीस गार्ड मिळाला नाही म्हणून आरोपीला हजर केलं जात नाही, पुढची तारीख पडते. वकिलाचं एसटीचं तिकीट मात्र दोन्ही वेळा फाडलं जातं. दोषारोपपत्राच्या चारशे पानांच्या झेरॉक्सला कुणी देणगीदार मिळत नाही. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही असे. त्यांच्यासाठी लागणारा पैसा असा तारखेतारखेला, वर्षानुवर्षं लागतो. दर तिमाहीला न चुकता येणारे १५ हजार हा संस्थेला धरून चालता येईल असा पैसा आहे.

देताना दोन गोष्टी पाळा. एक, पत्रात ‘कॉर्पस’ हा शब्द लिहू नका. तो लिहिला की रक्कम कायम ठेवीत जाते आणि संस्थेला फक्त व्याज वापरता येतं. ‘सर्वसाधारण कामासाठी’ असं लिहा. दुसरी, ‘पगारावर किती खर्च करता?’ हा प्रश्न विचारून नाराज होऊ नका. विहीर खोदणाऱ्या संस्थेत सिमेंट आणि पगार वेगळे काढता येतात. हक्कांच्या कामात वकिलाचा, कार्यकर्त्याचा पगार हेच काम आहे. त्याऐवजी मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागा, धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी बघा, विश्वस्त कोण आहेत ते बघा, आणि मागच्या वर्षी किती माणसांच्या केसेस हातात होत्या ते विचारा. सरळ उत्तर मिळालं नाही तर थांबा.

दहा ठिकाणी वाटू नका. त्या मुलीची संस्था आणि दुसरी एखादी देशपातळीवरची, बस. २ लाख तिच्या संस्थेला, तिमाहीचे पैसे दोघींत. एकाच ठिकाणी सगळं न देण्याचं कारणही आहे: २०२० मध्ये अ‍ॅम्नेस्टी या आंतरराष्ट्रीय मानवी हक्क संघटनेच्या भारतातल्या शाखेची बँक खाती गोठवली गेली आणि तिला इथलं काम थांबवावं लागलं. हप्त्याने देणाऱ्याला असं काही झालं तर दिशा बदलता येते.

यजमानांची दुसरी काळजी, ‘उगाच आपल्यावर काही बालंट येईल का’, ती मी हसण्यावारी नेत नाही. नोंदणीकृत संस्थेला, बँकेतून, स्वतःच्या नावाने, पावती घेऊन दिलेली देणगी हा तुमचा हक्क आहे. बंदी घातलेल्या संघटनांची यादी गृह मंत्रालय जाहीर करतं, ती एकदा नजरेखालून घाला. रोख देऊ नका.

मुलाचं मात्र जपून. त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलंय असं तुम्ही लिहिता. मग कायद्याने त्याचा पैसा परदेशी निधी ठरतो, तो तुमचा सख्खा मुलगा असला तरी. ज्या संस्थेकडे परदेशी निधीची नोंदणी आहे तिलाच, आणि तेही तिच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या खात्यातच तो देऊ शकतो. ‘आईच्या खात्यात पाठवतो, तू दे’ हा आडमार्ग अजिबात काढू नका. त्यात भरडली जाईल ती संस्था. सूनबाईंचा पासपोर्ट अजून भारतीय असेल तर त्या स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत देऊ शकतात, तो परदेशी निधी धरत नाहीत. संस्थेला पासपोर्टची प्रत मात्र द्या.

मृत्युपत्रात संस्थेचं नोंदणीतलं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक आणि पत्ता घाला. ‘ही संस्था तेव्हा अस्तित्वात नसेल किंवा तिला रक्कम घेता येत नसेल तर अमुक संस्थेला’ हे वाक्य विसरू नका. आणि ५ लाख यजमानांच्याही माघारी जावेत अशी तरतूद करा, म्हणजे त्यांच्या औषधाला हात लागणार नाही. दोन साक्षीदार लागतील, ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळणार नाही असे. मुलाला आधी सांगून ठेवा.

एक गोष्ट तुमच्या हिशेबात आलेली नाही. तुम्ही तुमच्या त्या विद्यार्थ्याला जामीनदार आहात. पगार बंद झाला तरी ते जामीनपत्र खटला संपेपर्यंत तुमच्या नावावर आहे, आणि तो तारखेला हजर राहिला नाही तर १५ हजार भरायची नोटीस तुम्हाला येईल. तेवढे पैसे बचत खात्यात वेगळे राहू द्या. त्याच्या तारखा तुमच्या कॅलेंडरवरही लिहीत जा. त्याला आदल्या दिवशी फोन करणारं कुणीतरी हवं.

पोस्टातलं काम याच आठवड्यात उरका. पासबुक हातात आलं की कळवा, आणि तुमच्या विद्यार्थ्याची पुढची तारीख कधी आहे तेही.