आयआरआर जास्त असूनही प्रोजेक्ट का नाकारायचा?

तुझा प्रश्न असा ना, की अ प्रोजेक्टमध्ये आज 100 टाकले की वर्षाने 150 येतात, ब मध्ये 1000 टाकून 1300, दोन्हीपैकी एकच करता येणार, अ चा आयआरआर (ज्या दराने सगळ्या रकमांची आजची किंमत काढली की बेरीज शून्य येते तो दर) 50 टक्के आणि ब चा 30, तरी सर ब घ्या म्हणतात. सरांचं बरोबर आहे, फक्त कॉस्ट ऑफ कॅपिटल (गुंतवायचा पैसा आपल्याला किती टक्क्यांनी पडतो ते) किती धरलीय ते त्यांनी सांगितलं असणार आणि तू ते लिहिलेलं नाहीस, मी 10 टक्के धरतो.

10 टक्क्यांनी अ ची एनपीव्ही (पुढे येणाऱ्या पैशाची आजची किंमत वजा गुंतवणूक) येते 36.4 आणि ब ची 181.8. आयआरआर नुसता वेग सांगतो, किती रकमेवर ते सांगत नाही, आणि मालकाच्या हातात शेवटी टक्के नाही पैसे पडतात. तरी मन मानत नसेल तर एक कर, ब मधून अ वजा कर. म्हणजे ब घेताना अ पेक्षा 900 जास्त टाकतोयस आणि वर्षाने 1150 जास्त मिळतायत, या जादाच्या 900 वर परतावा साधारण 27.8 टक्के पडतो, आणि पैसा तुला 10 ने मिळतोय, मग का सोडायचं? हाच 27.8 म्हणजे दोघांचा क्रॉसओव्हर, इथे दोघांची एनपीव्ही सारखी होते, कॉस्ट ऑफ कॅपिटल याच्या वर गेली की अ जिंकतो. परीक्षेत ही वजाबाकी दाखवलीस तर नुसतं 'एनपीव्ही श्रेष्ठ' लिहिण्यापेक्षा कितीतरी बरं दिसेल.

हां, पण अ सारखे दहा प्रोजेक्ट एकाच वेळी करता येत असतील आणि खिशात 1000 च असतील तर अर्थातच अ च घ्यायचे, तो कॅपिटल रेशनिंगचा मुद्दा झाला, तिथे प्रॉफिटेबिलिटी इंडेक्स (गुंतवलेल्या दर रुपयामागे आजच्या किमतीत किती मिळतं) बघतात.

दुसरी गंमत बघ. कॅश फ्लो (दर वर्षी येणारे-जाणारे पैसे) असे आहेत: आज उणे 100, पहिल्या वर्षी अधिक 230, दुसऱ्या वर्षी उणे 132. खाणीच्या प्रोजेक्टमध्ये असं होतं, शेवटी जमीन पूर्ववत करायचा खर्च येतो. याचा आयआरआर 10 टक्के पण येतो आणि 20 पण, दोन्ही गणिताने बरोबर (करून बघ, दोन्हीकडे बेरीज शून्य येते). एक्सेल मात्र एकच उत्तर देतं, कारण ते गेसपासून (सुरुवातीला अंदाजाने दिलेल्या दरापासून) शोधायला सुरुवात करतं, तू गेस दिला नाहीस तर 10 टक्के धरतं, आणि दुसरंही उत्तर आहे हे सांगतच नाही. कॅश फ्लोचं चिन्ह एकापेक्षा जास्त वेळा बदललं की आयआरआरवर भिस्त ठेवायची नाही, सरळ एनपीव्ही काढायची.

'आयआरआर मध्ये रीइन्व्हेस्टमेंट त्याच दराने धरलेली असते' (म्हणजे मधे आलेले पैसे पुन्हा त्याच दराने गुंतवले असं धरतात) हे वाक्य सगळे पाठ करतात, मला ते फारसं पटत नाही, आयआरआर काढताना मधल्या पैशाचं पुढे काय केलं हे कुठेच लागत नाही. पण पेपर तपासणाऱ्याशी वाद घालू नकोस, लिहून टाक.

आणि एक्सेलमध्ये एनपीव्ही काढताना आजची गुंतवणूक त्या फंक्शनच्या रेंजमध्ये घालू नको. ते पहिला आकडासुद्धा एक वर्षानंतरचा समजून डिस्काउंट करतं, म्हणजे आजच्या किमतीत आणून कमी करतं. रेंज पहिल्या वर्षापासून दे आणि उणे 1000 बाहेरून मिळव. ब चं उत्तर 181.8 ऐवजी 165.3 येत असेल तर हेच झालंय.