शेवटच्या इंजेक्शनच्या वेळी नक्की काय होतं?

प्रश्न: आमचा कुत्रा मोती १४ वर्षांचा, दोन्ही किडन्या गेल्यात, चार दिवस पाणीसुद्धा पोटात टिकत नाहीये. डॉक्टर म्हणाले आता इंजेक्शन देऊन कायमचं झोपवूया. त्याला दुखेल का हो? मी तिथे थांबू का? (बोरिवली)

उत्तर: ताई, दुखतं ते फक्त सुईचं टोचणं, तेवढंच. बहुतेक डॉक्टर आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, पाच-दहा मिनिटांत मान जड होते, मग पुढच्या पायावरचे केस थोडे कापून शिरेतून भुलीच्या औषधाचा खूप मोठा डोस देतात आणि मिनिटा-दोन मिनिटांत श्वास आणि हृदय थांबतं. डॉक्टर स्टेथोस्कोप लावून खात्री करतात. आता जे कोणी आधी सांगत नाही ते सांगते, डोळे उघडेच राहतात, शू होऊ शकते, आणि गेल्यावरही एखादा मोठा श्वास किंवा पायाला झटका येऊ शकतो, ते बघून माझ्या तर पोटात गोळाच आला होता, पण तो जिवंत नसतो, स्नायूंची हालचाल असते नुसती. खाली जुनी चादर घाला. गुंगीचं इंजेक्शन वेगळं देणार का, घरी येणार का, हे आधीच विचारून घ्या आणि बिलाचंही आधीच उरका, नंतर काउंटरवर उभं राहवत नाही. थांबायचं तर थांबा, डोक्यावर हात ठेवा, नाही जमलं तर गुंगी येईपर्यंत तरी. नंतरचं म्हणाल तर मालाडला महापालिकेची गॅसवरची प्राण्यांची दहनभट्टी २०२३ पासून सुरू आहे, तुम्हाला जवळच पडेल, निघायच्या आधी फोन करा.