लोखंडी कडं, रबरी नळ्या आणि मेणाचं नाक

पहिल्या महायुद्धातल्या उपचारांविषयी वाचकांनी विचारलेल्या तीन प्रश्नांची ही उत्तरं.

प्रश्न : मांडीत गोळी लागून हाड मोडलं, तर सैनिक मरत का होते?

उत्तर : मोडलेल्या हाडाची टोकं आतल्या आत स्नायू कापत राहतात. खंदकातून स्ट्रेचर निघाला की प्रत्येक हिसक्याला मांडीत रक्त साठत जातं. इस्पितळ येईपर्यंत माणूस गार पडलेला असे.

थॉमस स्प्लिंट या मोडलेला पाय हलू न देणाऱ्या आधाराने हे बदललं. जांघेत बसणारं चामड्याने मढवलेलं कडं, पायाच्या दोन्ही बाजूंनी उतरणाऱ्या लोखंडी सळ्या आणि टोकाशी पाय ताणून बांधायचा. पँट, बूट तसेच ठेवायचे. अंधारातही बांधता यावं म्हणून स्ट्रेचरवाल्यांकडून डोळ्यांवर पट्टी बांधून सराव करून घेत. ह्यू ओवेन थॉमस हे लिव्हरपूलचे डॉक्टर, हाडवैद्यांच्या घराण्यातले. ते 1891 साली गेले. स्प्लिंट रणांगणावर नेण्याचा आग्रह धरला तो त्यांचे भाचे, सर्जन रॉबर्ट जोन्स यांनी. पूर्वी असे 80 टक्के जखमी दगावत, असं सर्जन हेन्री ग्रे लिहितात. 1917 च्या फ्रान्समधल्या आरासच्या लढाईत 1009 जणांपैकी सुमारे 16 टक्के दगावले. सगळं श्रेय स्प्लिंटला मी देणार नाही, शस्त्रक्रियाही तोवर लवकर होऊ लागली होती. पण आमच्या वॉर्डात अपघाताचा रुग्ण आला की सिस्टर आजही आधी हेच कडं कपाटातून बाहेर काढतात.

प्रश्न : पेनिसिलिन नव्हतं, मग जखमा कशा सांभाळल्या?

उत्तर : बेल्जियमकडच्या फ्लँडर्स या युद्धभूमीची जमीन शेणखताची. तिच्यातले जंतू जखमेत गेले की गॅस गँगरीन (मांस सडून आत वायू धरणं) आणि धनुर्वात. सुरुवातीला जखम लगेच शिवत, आणि तिथेच घात होई. मग मेलेलं मांस कापून जखम उघडी ठेवू लागले. सर्जन कॅरेल आणि रसायनशास्त्रज्ञ डेकिन यांनी तिच्यात रबरी नळ्या सोडून दर दोन तासांनी सौम्य हायपोक्लोराइटने (ब्लीचच्या जातीचं जंतुनाशक) धुण्याची पद्धत बसवली. धनुर्वाताची प्रतिलस टोचणं हा नियमच झाला.

प्रश्न : चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेचं मूळ पुण्यात आहे, हे खरं का?

उत्तर : एक धागा नक्कीच आहे. टिपूच्या लोकांनी नाक कापलेल्या कावसजी या मराठा गाडीवानाची हकीकत 1794 साली लंडनच्या मासिकात छापून आली. पुण्याच्या कारागिराने नाकाच्या खुंटावर मेणाचा पातळ साचा बसवला, मग तो सपाट करून कपाळावर ठेवला, भोवती रेघ मारली आणि तेवढी कातडी वळवून खाली आणली. ते वाचून इंग्रज सर्जन कार्प्यू यांनी 1814 मध्ये लंडनला तशी शस्त्रक्रिया केली. कपाळाची कातडी पहिल्या महायुद्धात सैनिकांचे चेहरे दुरुस्त करणारे सर्जन हॅरॉल्ड गिलीज यांनीही वापरली. 1917 मध्ये त्यांनी अशा कातडीच्या पट्टीच्या कडा शिवून तिची नळी केली. कच्ची बाजू आत झाकली गेली, रक्तपुरवठा टिकला आणि जंतूंना वाट उरली नाही.