त्याचा पासवर्ड तुमच्याकडे का आहे?

पत्राचा सारांश: ‘मी ४२ वर्षांची आहे. महापे येथील एका कंपनीच्या लेखा विभागात गेली ११ वर्षे काम करते. मॅनेजरची जागा रिकामी झाली तेव्हा ती मलाच मिळणार असे सारे धरून चालले होते. प्रत्यक्षात तिथे संचालकांच्या २९ वर्षांच्या भाच्याची वर्णी लागली. तो दुपारी जेवणानंतर उगवतो आणि पाचला निघतो. पुरवठादारांची बिले अडकू नयेत म्हणून त्याच्या लॉगिनने मंजुरीही मीच देते, ओटीपी तो फोनवर पाठवतो. अप्रेझलमध्ये मात्र त्याला सर्वांत वरची श्रेणी आणि मला “अपेक्षेनुसार”. एचआरकडे तक्रार करू, की नोकरीच सोडू? – एक वाचक, ऐरोली’

ताई,

तुमचे मूळ पत्र चार पानांचे आहे. त्यातील साडेतीन पाने भाच्याच्या उशिरा येण्यावर, त्याच्या गाडीवर आणि मामांच्या दालनातील त्याच्या हसण्याखिदळण्यावर खर्ची पडली आहेत. तुमच्यावर अन्याय झाला आहे, हे मला मान्य आहे आणि त्यावर मी आणखी शब्द खर्च करणार नाही. कारण ज्या वाक्याने माझी झोप उडाली, ते तुम्ही जाता जाता लिहून टाकले आहे. त्याच्या लॉगिनने मंजुरी तुम्ही देता.

माझी अर्धी हयात बँकेच्या नोकरीत गेली. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असत आणि दुसऱ्याची किल्ली क्षणभरही आपल्या पर्समध्ये ठेवायची नाही, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात बजावले जाई. तुमच्याकडे त्यालाच मेकर-चेकर म्हणतात: बिल नोंदवणारा एक, ते तपासून मंजूर करणारा दुसरा. आज नोंदवणाऱ्याही तुम्हीच आणि मंजूर करणाऱ्याही तुम्हीच आहात, फक्त दुसऱ्या वेळी नाव त्याचे असते. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारखेनिशी नोंद ठेवणे बंधनकारक आहे आणि ती नोंद बंद करता येत नाही, हे मी लेखा विभागात ११ वर्षे काढलेल्या बाईला सांगावे, याचेच मला आश्चर्य वाटते. उद्या एखादे खोटे बिल त्या गठ्ठ्यातून निसटले आणि लेखापरीक्षकाने विचारले की, साहेबांनी गेटवर कार्ड दाखवले दुपारी दोनला, तर पावणेअकराची मंजुरी कोणाच्या संगणकावरून गेली? त्याला वाचवायला मामा आहे. तुम्हाला कोण आहे? संचालक त्याचे मामा असतील, पण रोज मामा बनत आहात तुम्ही. दुसऱ्याचा पासवर्ड कपटाने किंवा अप्रामाणिकपणे वापरल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ सी कलमात ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. तुमचा हेतू तसा नाही, हे मी जाणते. परंतु आपला हेतू शुद्ध होता हे चौकशीच्या टेबलापलीकडे बसलेल्या अनोळखी माणसाला पटवत बसण्याची वेळ तुम्ही स्वतःवर का आणता?

‘पुरवठादारांची बिले अडकू नयेत म्हणून’, असे तुम्ही लिहिता. रबाळे-तुर्भ्याच्या लहान कारखानदारांचे पैसे वेळेवर मिळावेत, ही तुमची तळमळ खरी असेल. लघुउद्योगांचे देणे ४५ दिवसांच्या आत चुकते करावे, असे २००६ चा कायदाही सांगतो. पण ती जबाबदारी कंपनीची आहे. आणि आता जरा कडू बोलते. मला वाटते, तो पासवर्ड तुम्हाला आवडतो. खुर्ची मिळाली नाही, पण खुर्चीची सही तरी आपल्या हातात राहिली, ‘खरे तर सगळे मीच बघते’ असे घरी सांगता आले, एवढ्यावर तुमचा अभिमान तग धरून आहे. मला त्याची कीव येत नाही, मला ते समजते. मात्र त्याची किंमत पाहा: त्याच्या नावावर एकही बिल तुंबत नाही, पुरवठादारांची तक्रार येत नाही, महिनाअखेर वेळेत होते. त्याची ती वरची श्रेणी मामांनी दिली, हे अर्धेच खरे आहे. ती कमावून तुम्ही दिली.

तेव्हा सोमवारी एकच गोष्ट करा. सकाळी पहिल्या तासात त्याला मेल लिहा आणि वित्तप्रमुखांना प्रत पाठवा: ‘आपल्या सूचनेवरून आणि आपण पाठवलेल्या ओटीपीने आजवर मी आपल्या लॉगिनमधून मंजुऱ्या देत होते. यापुढे तसे करता येणार नाही. कृपया आपला पासवर्ड आजच बदलावा. मंजुरीसाठी थांबलेल्या बिलांची यादी सोबत जोडली आहे.’ एवढेच. त्यात अप्रेझल नको, ११ वर्षे नकोत, अन्याय हा शब्दही नको. ओटीपीचे त्याचे जुने संदेश फोनमधून पुसू नका.

एचआरचे म्हणाल, तर खासगी कंपनीने नात्यातला माणूस नेमूच नये असा सरसकट कायदा आपल्याकडे नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यात संचालकांच्या नातेवाइकांना लाभाचे पद देण्यावर काही बंधने आहेत, पण त्या कायद्याच्या नातेवाइकांच्या यादीत बहीण आहे, बहिणीचा मुलगा नाही. भाचा तिथूनही सुटतो. शिवाय आज तुम्ही वशिल्याची तक्रार घेऊन गेलात, तर पहिला प्रश्न तुमच्याच लॉगिनचा निघेल. राजीनाम्याचा विचारही त्या मेलनंतरच करा. तो आधी दिलात तर जुन्या नोंदी उकरल्या जातील आणि उत्तर द्यायला तुम्ही त्या इमारतीत नसाल.

बिले तुंबतील. बुधवारपर्यंत पुरवठादारांचे फोन सुरू होतील आणि एखादा थेट मामांपर्यंत पोहोचेल, पोहोचू द्या. शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता तुम्ही घरी निघालेल्या असाल, तेव्हा त्याचा फोन येईल, तोही कधी नव्हे तो ‘ताई’ म्हणत: ‘ताई, आजच्या दिवस तेवढे करून टाका ना, ओटीपी पाठवतो.’ त्याला सांगा, यादी मेलवर आहे, आणि फोन ठेवा.