कलम ७४ वाचताना

ऑस्ट्रेलियाच्या घटनेतलं कलम ७४ वाचायला घेतलंस, तर आधी एक गैरसमज काढून टाक. प्रिव्ही कौन्सिलचं, म्हणजे लंडनमधल्या अपील न्यायालयाचं, दार सरसकट बंद नव्हतं. केंद्र आणि राज्य यांच्या अधिकारांची हद्द कुठे, एवढ्याच प्रश्नावर तिथे अपील करायला हायकोर्टाचा (ऑस्ट्रेलियात हेच सर्वोच्च न्यायालय) दाखला, म्हणजे परवानगी, लागायची. तो दाखला मिळाला एकदाच, १९१२ साली, कलोनियल शुगर कंपनीच्या खटल्यात. नंतर मागणारे हात हलवत परतले.

पळवाट मात्र जरूर बघ. १९०६ च्या वेब विरुद्ध आउट्रिममध्ये व्हिक्टोरिया राज्याच्या कोर्टातून थेट लंडन गाठलं होतं. हायकोर्टाला वळसाच! संसदेने १९०७ मध्ये ती वाट बुजवली. मला हा भाग मूळ कलमापेक्षा रंजक वाटतो. १९८५ चा किरमानी निकाल शेवटी वाच; दाखल्याची तरतूद कालबाह्य झाल्याचं हायकोर्टाने तिथे सांगितलं. कलम अजून छापील घटनेत आहे, तेव्हा फसू नकोस.