मोघम की ढोबळ?

प्रश्न असा आहे: ‘मोघम’ आणि ‘ढोबळ’ हे एकमेकांच्या जागी चालतात का? ‘मोघम अंदाज’ असं लिहिलं तर चूक ठरेल का?

चूक नाही, पण अर्थ बदलतो. ‘कांदा किलोमागे दहा-बारा रुपयांनी महागेल’ हा ढोबळ अंदाज. त्यात आकडा आहे, फक्त काटेकोर नाही. ‘कांदा महागेल बहुतेक’ हा मोघम. किती, कधी, कुठल्या बाजारात, काहीच हाताला लागत नाही. ढोबळ बोलणारा उद्या खोटा ठरू शकतो. मोघम बोलणाऱ्याला पकडायचं कुठे? म्हणूनच पुढाऱ्याचं आश्वासन मोघम असतं आणि गवंड्याने तोंडी सांगितलेला खर्च ढोबळ.

माहितीच्या अधिकारातल्या अर्जांवर ‘मागणी मोघम स्वरूपाची आहे’ असा शेरा येतो, तिथे हा शब्द अगदी चपखल बसतो (कधीकधी तो माहिती टाळायलाही वापरतात, हे वेगळं). ‘रस्त्याच्या कामाची सर्व माहिती मिळावी’ ही मागणी मोघम. रस्त्याचं नाव, 2022-23 हे वर्ष आणि ‘मोजमाप पुस्तिकेच्या प्रती’ एवढं घातलं की ती नेमकी होते. फिर्यादीतल्या ‘मोघम आरोपां’चंही तेच: कोणी, कधी, कुठे, काय केलं, यातलं काहीतरी गाळलेलं असतं.

‘संदिग्ध’ मात्र याहून वेगळा. संदिग्ध वाक्यातून दोन अर्थ निघतात आणि कोणता घ्यावा ते कळत नाही. मोघम वाक्याचा अर्थ कळतो, तपशील नसतो. ‘गुळमुळीत’मध्ये बोलणाऱ्याचं कचरणंही येतं, मोघम उत्तर ठणकावूनही देता येतं.

‘ढोबळ’ वापरताना एक जपायचं. त्याचा मूळ भाव आकाराने मोठा, जाडजूड. ढोबळी मिरची तशीच. त्यामुळे ‘ढोबळ चूक’ म्हणजे साधारण चूक नव्हे, सहज डोळ्यांत भरणारी चूक. हिशेबातला ‘ढोबळ नफा’ तर अंदाजे नसतोच. विक्रीतून विकलेल्या मालाचा खर्च वजा करून येणारा तो पक्का आकडा असतो; इतर खर्च वजा झाले की उरतो तो निव्वळ नफा. इथे ‘मोघम नफा’ लिहिलंत तर लेखापाल हसेल.

संस्कृतातल्या ‘मोघ’शी गल्लत करू नये. गीतेतल्या ‘मोघं पार्थ स जीवति’मध्ये (3.16) ‘मोघं’चा अर्थ व्यर्थ; ‘अमोघ’ म्हणजे फुकट न जाणारा. तेव्हा ‘मोघम’च्या उलट अर्थी ‘अमोघ’ लिहू नका, ‘नेमका’ लिहा.

व्याकरण सोपं आहे. ‘मोघम’ला लिंगवचनाचा विकार होत नाही: मोघम उत्तर, मोघम भाषा, मोघम आरोप. क्रियाविशेषण म्हणूनही तो तसाच चालतो, ‘मोघम बोलला’. ‘मोघमपणे’ चुकीचं नाही, पण बोलताना सहसा कोणी तेवढं लांबवत नाही.